माझा काटा सातवर अडकला तेव्हा

मी बॉयलरवरचा गेज बोलतोय. ताटलीएवढी पांढरी तबकडी, तिच्यावर आकडे आणि एक काळा काटा, एवढाच माझा संसार. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं मी वाफेचा दाब दाखवला. सातपर्यंत ठीक, आठाला तांबडी रेघ.

माझ्यासमोर कायम मावशी असायच्या. नवरा गेल्यावर त्या इथे चादरींच्या घड्या घालायला लागल्या. मग बॉयलर चालवायच्या परीक्षेला बसल्या आणि दोनदा नापास झाल्या.

"बाईमाणसाला झेपायचं नाही ते," लोक म्हणाले.

"दोनदा नाही झेपलं. तिसऱ्यांदा बघू," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्यांदा पास झाल्या, आणि तेव्हापासून दर अर्ध्या तासाला माझा आकडा वहीत उतरवू लागल्या. लेकीच्या लग्नालासुद्धा त्यांनी चारच दिवस रजा काढली.

इकडे मी मात्र आतून बिघडत चाललो होतो. माझ्याकडे वाफ आणणारी नळी क्षारांनी बुजत होती. मला कळत होतं, पण सांगणार कसं? मला बोलता येतं ते काट्यानेच, आणि एका सकाळी तो काटाच सातवर अडकला. आत दाब चढत होता. मावशींनी वहीत लिहिलं, सात. अर्ध्या तासाने पुन्हा सात. माझा जीव टांगणीला लागला. जादा वाफ बाहेर सोडणारा वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून बसलेला. भिंतीपलीकडे बारा बायका हसत-बोलत इस्त्री करत होत्या.

तिसऱ्या खेपेला मावशींचं पेन वहीवर टेकलं आणि थांबलं. खाली बर्नर पेटलेला, आणि काटा केसभरही हलत नाही? त्यांनी मान तिरकी करून पाइपाचा आवाज ऐकला. नेहमीची 'सूं' आज चिरकी येत होती. त्यांनी सरळ बर्नर बंद केला आणि पलीकडच्या बायकांना अंगणात पिटाळलं.

मॅनेजरसाहेब धावतच आले. "मावशी, ऑपरेशनच्या चादरी ओल्या पडल्यात! काटा सातवर आहे ना?"

"काटा सात म्हणतोय, साहेब. माझे कान दहा म्हणतायत."

"वय झालं तुमचं. कान वाजत असतील. चालू करा."

"उद्या मला काढून टाका. आज हात लावू देणार नाही." मावशी बटणासमोर उभ्या राहिल्या. तिथून हलल्या नाहीत.

दोन तासांनी मेकॅनिक आला. त्याने आपला गेज जोडला आणि त्याचा चेहरा उतरला. "बंद करून दोन तास झाले, तरी अजून साडेआठ आहे! मग तेव्हा किती असेल?"

मॅनेजरसाहेब मटकन स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, "मावशी, पाणी आणू का तुम्हाला?"

आता मी मोडक्या नळांच्या डब्यात पडून आहे. माझ्या जागी आकडे थेट मॅनेजरसाहेबांच्या मोबाइलवर पाठवणारा गेज बसलाय. मावशी चार महिन्यांनी निवृत्त होतायत, आणि त्यांच्या जागी माणूस नेमायची गरज नाही म्हणे. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. नवा गेज हुशार आहे, माझ्यासारखा लबाड नाही, असं सगळे म्हणतात. पण लबाड तर मीही नव्हतो. सव्वीस वर्षं खरं बोलून एका सकाळी खोटं बोललो, तेही नाइलाजाने.

म्हणून हात जोडतो. मला भंगारात घाला, हरकत नाही. पण त्या नव्याजवळ कुणीतरी माणूस उभा ठेवा.