खोली बघायला आलेली माणसं

प्रवासाला गेलं की लोक राजवाडे बघतात, उन्हात रांगा लावून कारंजी बघतात. काकू लोकांची घरं बघायच्या. चोरून नव्हे, चांगली बेल वाजवून! 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की पर्स काखोटीला मारून निघाल्याच. "कारंज्यात काय बघायचं? पाणीच ना? ते आपल्या नळाला येतं तेव्हा बघतोच की," असं म्हणायच्या. गाव कळायचं तर गावाचं स्वयंपाकघर बघावं, हे त्यांचं ठाम मत.

काका शाळेत चित्रकला शिकवायचे. बिचाऱ्यांना खोटं जमत नसे, कान लालभडक व्हायचे. कॉलेजात जाणारी लेक मात्र आईच्या वळणावर गेलेली. खिडकीपाशी उभी राहून "अभ्यासाला उजेड पुरेल ना?" असं इतक्या गंभीरपणे विचारायची की घरमालक लगेच पडदा सरकवून दाखवायचे.

"हे शेवटचं घर," काकांनी त्या दिवशी दारातच बजावलं. "पकडले गेलो तर मी तुम्हा दोघींना ओळखत नाही."

दार एका म्हातारीने उघडलं. अंगाने एवढीशी, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. तिने वरची खोली दाखवली, मोरी दाखवली आणि मग न विचारता चहा टाकला. काकूंना दुसरं काय हवं होतं! ओट्याला टेकून त्यांनी सगळं काढून घेतलं. समोरचा शिंपी बायकोशी भांडला की त्या दिवशीच्या सगळ्या बाह्या आखूड होतात, इथपर्यंत मजल गेली. चहाची दुसरी फेरी झाली.

"आता खरं सांगा," म्हातारी एकदम म्हणाली. "खोली बघायला आलेला माणूस आधी भाडं विचारतो. तुम्ही मघापासून माझ्या डब्यांची झाकणं उघडताय."

काकांचे कान पेटले. लेक खिडकीबाहेर बघू लागली. काकूंनी डबा खाली ठेवला आणि सगळं कबूल करून टाकलं. म्हातारी रागावेल, हाकलून देईल असं त्यांना वाटलं. ती हसत सुटली, हसता हसता ठसका लागला.

"अहो, खोली तरी कुठे द्यायचीय मला! बहीण राहायची तिथे. ती गेली आणि घर खायला उठलं. दिवसच्या दिवस माणसाचं तोंड दिसेना. मग लावली पाटी. आता रोज कुणी ना कुणी येतं, बसतं, बोलतं."

"आणि कुणी घेतो म्हणालं तर?" काकूंनी विचारलं.

"छत गळतं म्हणते."

"पण मग भाडेकरूच ठेवा ना."

"भाडेकरू दार लावून बसतो. गप्पा मारतो तो बघायला आलेला."

काकूंना गुरू भेटल्यासारखं झालं. दोघी टाळी देणार तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक बस ड्रायव्हर, अंगात कामावरचाच शर्ट, आणि त्याची बायको. तिचे दिवस भरत आलेले. बाळ होणार म्हणून जुन्या घरमालकाने जागा सोडायला सांगितली होती आणि दुसरीकडे कुणी दारात उभं करत नव्हतं. म्हातारीने काकूंकडे बघून डोळा मारला, म्हणजे बघा आता गंमत.

"छत गळतं हो," तिने सुरुवात केली.

ड्रायव्हरची बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. तिच्या पायांवर सूज होती. काकू पुढे सरसावल्या.

"कुठे गळतं? मी आत्ताच वर जाऊन आले. कोरडं ठणठणीत आहे."

म्हातारीने डोळे वटारले. "घुशी आहेत!"

"एक मांजर आहे. तेही झोपाळू."

"पाणी येत नाही!"

"मग दोनदा चहा कशाचा पाजलात?"

"उजेड फार सुंदर आहे खोलीत," काका मध्येच बोलले. कान जागच्या जागी, जराही लाल नाहीत.

"तुम्ही कोण मध्ये नाक खुपसणारे?" म्हातारी कडाडली.

"आम्ही खोली बघायला आलोय," काकू म्हणाल्या. "बघितली. उत्तम आहे. यांना द्या."

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. ड्रायव्हरची बायको बिचकत म्हणाली, "आजी, हे दिवसभर बसवर असतात. वर एकटीला मला भीती वाटेल. खाली तुमच्यापाशी येऊन बसले तर चालेल?"

म्हातारीने तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. मग खेकसली, "पायरीवर काय बसलीस? गार लागेल. आत ये."

निघताना म्हातारी काकूंना सोडायला दारापर्यंत आली. "चांगली वाट लावलीत माझी," ती फणकारली. डोळे पुसले, तेही रागारागानेच. "पुढच्या वेळी हे असलं सोंग आणू नका."

"नाही आणणार."

"नुसत्या या."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. पलीकडून काका गाडी चुकेल म्हणून ओरडत होते. काकूंनी म्हातारीचा हात सोडला नाही.