माझा ब्रेक उत्तम होता

मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे आणि माझा ब्रेक उत्तम आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या काचेवर डकवलेल्या लाल कागदावर नेमके उलटे लिहिले आहे.

मित्रांनो, मी थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीकाठच्या तांदळाच्या गोदामात अकरा वर्षे राबले. माझा चालक थानोम मला आजी म्हणायचा. पोत्यांच्या फळीखाली माझे दोन्ही लोखंडी हात पुरते सरकल्याशिवाय तो ओझे उचलत नसे. उचलले की ते माझ्या छातीकडे कलते करून, जमिनीपासून वीतभरच वर ठेवून न्यायचा. समोरचे दिसेनासे झाले की मला उलटी चालवायचा. नव्या चालकांना तो दाखवायचा, "ही पाटी वाच. दोन टन म्हणजे दोन टन. आजीशी घासाघीस चालत नाही." हे ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे.

त्या दिवशी धक्क्याला लागलेली मालाची होडी, म्हणजे पडाव, सुटायच्या बेतात होता. दोन टनांत बसणाऱ्या चाळीस पोत्यांच्या जागी थानोमने पंचावन्न रचून घेतली. मी उचलायला गेले आणि माझी मागची चाके जमिनीवरून सुटली. एवढे स्पष्ट मी आणखी कसे सांगणार?

"पैरोट, अरे जाडोबा, मागे चढ जरा!" थानोमने हमालाला हाक मारली. "तुझ्या पोटाचा आज तरी उपयोग होऊ दे."

"दादा, पडलो तर?"

"मी आहे ना! कितीदा चढलायस, कधी पडलास?"

हे खरे होते. घाईच्या दिवसांत आमच्याकडे माणूसच वजन म्हणून मागे उभा करतात आणि वर हसतात. पैरोट चढला. माझी चाके टेकली. ओझे उंच धरूनच थानोमने वळण घेतले. पोती पुढे झुकली, मी नाकावर गेले, पैरोट मागे फेकला गेला. पोती घसरताच मी धाडकन मागे आदळले, ती त्याच्या पायावर. त्याची किंकाळी मी विसरलेले नाही.

साहेब धावत आले. थानोम आता खरे सांगेल, अशी माझी खात्री होती.

"ब्रेकच लागला नाही, साहेब," तो म्हणाला. "जुनी झालीय ती. मी कधीचा सांगतोय."

कधीचा! अकरा वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. आणि पैरोट? इस्पितळातून त्याचाही जबाब आला: "मी बाजूनं चाललो होतो, तीच अंगावर आली." ज्यांची ओझी वाहिली, त्या दोघांनीही मला तोंडघशी पाडले.

मिस्त्री चरूनकाकांनी मला तपासले. "साहेब, ब्रेक ठणठणीत आहे. हिच्या पाठीवर बुटांचे ठसे आहेत, ते बघा."

"काका, दोष यंत्राचा लिहिला की सगळे सुटतात, पैरोटलाही भरपाई मिळते," साहेब म्हणाले. "नसती उठाठेव कशाला?"

मला कोपऱ्यात ढकलले. परवा थानोम उदबत्ती घेऊन आला. आमच्याकडे गाडीत देवी असते. तिची क्षमा मागितल्याशिवाय चालकाला चैन पडत नाही. "आजी, चुकलो गं," तो पुटपुटला. डोळे भरले होते त्याचे. मात्र आवाज इतका हळू, की दारातल्या हमालाला ऐकू जाऊ नये. मला फार राग आला. जिला तोंडच नाही, तिच्यापाशी कबुली देऊन काय साधले?

काल नवी फोर्कलिफ्ट आली. तिच्यावरही दोन टनांची पाटी आहे. आज पुन्हा पडावाची घाई आहे. थानोमने पंचावन्न पोती रचली आहेत आणि तिची मागची चाके आत्ताच जराशी उचलली गेली. तो मान वळवून कुणालातरी बोलावतो आहे.

मित्रांनो, माझ्यावरचा डाग राहू द्या. मी उद्या भंगारात जाईन. पण यंत्राच्या पाठीवर कुणी चढताना दिसले, तर मोठ्याने ओरडा. माझा भोंगा त्यांनी कालच काढून नेला.