रांगोळीच्या गोलाखालचा पाइप

मी एक जुना पाइप आहे. पाइप म्हटलं की तुम्हाला पाणी आठवतं, हो ना मित्रांनो? पण माझ्या पोटातून पाण्याचा एक थेंबसुद्धा कधी गेला नाही. माझ्यातून जातात त्या गप्पा.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. तिथल्या एका कारखान्यात वितळलेल्या प्लास्टिकमधून मला लांबच लांब ओढून काढलं, गार पाण्यात बुचकळलं आणि माझ्यासारख्याच आणखी दोघांशी बांधून टेम्पोत टाकलं. डोंबिवलीत मानपाड्याला सोनटक्का सोसायटी उभी राहत होती. रस्त्यापासून इमारतीच्या मीटरखोलीपर्यंत आम्हा तिघा भावांना जमिनीत पुरलं. इतकी वर्षं एकमेकांना चिकटून पडल्यावर तीन कसले आणि एक कसला! म्हणून मी आपला 'मी'च म्हणतो. गेटपाशी माझ्या तोंडावर एक लोखंडी गोल झाकण बसवलं. त्याला दोन भोकं होती. त्यातून मला थोडं आकाश आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला दिसत.

सुरुवातीला माझ्या एका नळीत टेलिफोनची जाडजूड केबल होती. कुणाकडे बारसं आहे, कुणाचा निकाल लागला, सगळं मला आधी कळायचं. मग मोबाइल आले आणि घरोघरचे टेलिफोन मुके झाले. एके दिवशी माणसं आली, केबल ओढून घेऊन गेली आणि मी रिकामा झालो. त्यानंतर कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना.

अपवाद फक्त सुमतीकाकूंचा. त्या सोसायटीचे चेअरमन विश्रामकाका कर्णिक यांच्या पत्नी. सण आला की त्या गेटपाशी कुंडीलगत छोटं स्टूल टाकून बसत आणि माझ्या झाकणाच्या कडेकडेने रांगोळीचा गोल काढत. "काकू, कंपासने काढता का हो?" असं लोक विचारत. काकू नुसत्या हसत. अहो, कंपास म्हणजे मीच होतो!

पुढे निळ्या टोपीवाल्या इंटरनेट कंपनीचा रतन आला. त्याने रस्त्याच्या बाजूने माझ्या एका नळीत नवी केबल सरकवली. तिच्यात काचेचे केसासारखे बारीक धागे होते. ती तुमच्या करंगळीएवढीही जाड नव्हती. माझ्या पोटात पुन्हा गप्पा खेळू लागल्या आणि मी सुखावलो. पण कंपनीचे साहेब विश्रामकाकांना म्हणाले, "पाइप भरला. आता दुसऱ्या कुणाला जागा नाही. कुणी आलंच तर आत घेऊ नका, एवढा शब्द द्या." बागेसाठी त्यांनी एक बाकही दिलं. विश्रामकाका शब्दाचे भारी पक्के. त्यांनी शब्द देऊन टाकला. मी आतून ओरडत होतो, "अहो, दोन नळ्या मोकळ्या आहेत!" पण पाइपचं ऐकतो कोण?

त्यानंतर सुंदर सोसायटी स्पर्धा आली. काकांनी हौसेने गेटपासून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. माझं झाकण त्यांना जुन्या गटाराचं वाटलं, म्हणून तेही ब्लॉकांखाली गेलं. सोसायटीला बक्षीस मिळालं आणि मला काळोख. सुमतीकाकूंचा पुढचा गोल चांगला अंड्यासारखा आला.

"अहो, तुमच्या ब्लॉकांपायी माझा गोल गेला!" त्या म्हणाल्या.

"गोल कुठे जातोय? पुन्हा काढ," काका म्हणाले. मित्रांनो, हे वाक्य त्यांना फार महागात पडलं. पुढची दोन वर्षं प्रत्येक सणाला ते त्यांना ऐकावं लागलं.

आता तुम्हाला प्राचीताईची गोष्ट सांगतो. ती राहते 'सी' विंगमध्ये. ज्यांना ऐकू येत नाही अशा गावोगावच्या मुलांना ती घरी बसून, व्हिडिओवरून खुणांची भाषा शिकवते. पण 'सी' विंगमध्ये निळ्या टोपीचं नेट सारखं अडकायचं. तक्रार केली की रतन यायचा, नेटचा डबा बंद करून चालू करायचा आणि जायचा. दुसरं कुणी येणारच नव्हतं, मग घाई कसली?

जानेवारीत गेटजवळ सोसायटीची सभा भरली. अगदी माझ्या डोक्यावर.

"काका, मुलांच्या संस्थेने सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत व्हिडिओचं चित्र सुधारलं नाही तर वर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार," प्राचीताई म्हणाली. "माझा हात मध्येच अडकतो आणि ती पोरं वाट बघत बसतात. पिवळ्या टोपीची कंपनी यायला तयार आहे. आणि नियमच आहे ना, जागा असेल तर दुसऱ्यालाही त्याच अटींवर वाट द्यायची!"

"मलाही वाईट वाटतं गं. पण नियमच म्हणतो, जागा असेल तर. जागाच नाहीये. आणि मी शब्द दिलाय."

त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा खरोखर राग आला. पोटात वाट मोकळी असताना ती मुलं ताटकळत होती.

प्राचीताईने मात्र हार मानली नाही. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या सकाळी ती पिवळ्या टोपीवाल्या संदेशला घेऊन आली. तो सळीने ब्लॉक ठोकून बघू लागला.

"काका, बाहेरचा रस्ता नवा काँक्रीटचा, तो काय खोदायला देणार नाय. जुना पाइप असेल ना, त्यालाच बघायला लागेल. गेटपाशी गोल झाकण होतं का?"

"छे! एक गटाराचं होतं तेवढं," काका म्हणाले.

सुमतीकाकू स्टूल आणि रांगोळीचे डबे घेऊन नुकत्याच खाली उतरल्या होत्या. त्या थबकल्या.

"गोल झाकण? अहो, तोच तर माझा गोल!"

त्यांनी कुंडीला टेकवून स्टूल ठेवलं, नेहमीसारख्या बसल्या, हात लांबवला आणि चिमूटभर रांगोळी सोडली. "इथे. काढा ते ब्लॉक."

ब्लॉक निघाले, झाकण उघडलं आणि दोन वर्षांनी माझ्या तोंडावर ऊन पडलं. काय सांगू तुम्हाला, मला गाणंच म्हणावंसं वाटलं! विश्रामकाका गुडघ्यांवर बसून आत डोकावले.

"यात वायर आहे. ही मोकळी. आणि... हीसुद्धा मोकळी? मला तर सांगितलं होतं, पाइप भरलाय!"

तेवढ्यात कुणीतरी कळवलं म्हणून रतन धावत आला. "साहेब, हात नका लावू. आमचा पाइप आहे हा."

"पाइप सोसायटीचा. वायर तुमची," काका म्हणाले.

"आणि झाकण माझं," काकू म्हणाल्या.

काका उठून उभे राहिले. "मी शब्द दिला तो जागा नाही म्हणून. थापेवर घेतलेला शब्द मी पाळत नसतो. संदेश, घाल तुझी वायर."

"मी काय करणार साहेब, वरून सांगतात ते बोलतो," रतन खाली बघत पुटपुटला आणि संदेशच्या केबलचं दुसरं टोक धरायला स्वतःच मीटरखोलीत गेला.

मग विश्रामकाकांना जोर चढला. त्यांनी दोघांनाही तिथल्या तिथे बजावलं, "आपापल्या वायरीवर आपलं नाव लावायचं. दुसऱ्याच्या वायरीला हात लावायचा नाही. तिसरी नळी येईल त्याच्यासाठी रिकामी ठेवायची. आणि झाकण कुणीही पुन्हा पुरायचं नाही." शेवटचा नियम बायकोकडे बघत सांगितला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला माझ्या झाकणाभोवती केशरी, पांढरी, हिरवी रांगोळी उमटली. गोल कसा? चंद्रासारखा! 'सी' विंगमध्ये आदल्या संध्याकाळीच पिवळ्या टोपीचं नेट सुरू झालं होतं. प्राचीताईने त्यावर जोडलेला फोन फिरवून ती आपल्या मुलांना दाखवली आणि एका हाताने भराभर खुणा करून सगळी हकिकत सांगितली. तिचा हात कुठेच अडकला नाही. वर्ग तिच्याकडेच राहिला. आणि गंमत म्हणजे, आता निळी टोपीसुद्धा बोलावल्याबरोबर हजर होते.

खुणांच्या भाषेत टाळ्या वाजवत नाहीत, मित्रांनो. दोन्ही हात वर करून बोटं हलवतात. फोनमधल्या सगळ्या मुलांनी तसे हात हलवले. कसलाही आवाज झाला नाही, पण त्या टाळ्या माझ्याच पोटातून आल्या होत्या. माझ्या उभ्या आयुष्यात इतकी मोठी गप्प मी ऐकली नव्हती.

तुमच्याही गेटपाशी माझा एखादा भाऊ निजलेला असेल. त्याला शोधून काढा. त्याच्या पोटात एकट्यालाच फतकल मारून बसू देऊ नका, येईल त्याला वाट द्या. त्याच्या तोंडावर ब्लॉक बसवू नका. रांगोळी मात्र जरूर काढा.