नव्या हबांची एक जोडी

"नवे हब इकडं काहून लावले बे?" हिरालाल ठेकेदार गॅरेजच्या दारातूनच ओरडला. "माह्या घरच्या गाडीले लावाचे होते! पोरीबाळी घेऊन लगनाले जातो आज!"

तेजराम मिस्त्रीने मान वर केली नाही. पुढच्या चाकाचा शेवटचा नट तो आवळत होता. ठेकेदाराच्या दोन्ही पिकअप एकाच बनावटीच्या, दोन्हींचे पुढचे हब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते तुंबे, झिजलेले आणि नागपूरहून आलेली जोडी एकच. एका गाडीत ठेकेदाराच्या घरची माणसं फिरायची. दुसरीत दर सोमवारी अठरा बाया तिरोडीकडच्या खाणीवर जायच्या. तेजरामने सकाळीच, कुणाला न विचारता, जोडी बायांच्या गाडीला लावली.

"मजुराच्या गाडीले पत्रा टाक. चालते."

झिजलेल्या हबात बेअरिंग सैल होतं, म्हणून तुपाच्या डब्याचा पत्रा कापून मधे ठोकायचा. याला गावातले मिस्त्री युक्ती म्हणत. ती शुद्ध हरामखोरी होती, आणि तेजरामने ती या गाडीला दोनदा केली होती.

"चालते ना? मंग तुमच्या गाडीले टाकून देतो. बसवा पोरीबाळी!"

"माह्या लेकरायले मारतं काय?"

"अन् ह्या बाया कोनाच्या लेकरं नाहीत?" तेजरामने पाना जमिनीवर आपटला. "कटंगीच्या रस्त्यावर चाक निखळलं त अठराच्या अठरा मरतीन! मले माहीत हाय अन् तुम्हाले बी माहीत हाय!"

दाराबाहेर बाया गाठोडी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ठेकेदाराने वाद वाढवला नाही. "लगनाहून येऊ दे, मंग माह्या जागेतून तुह्यं गॅरेजच खाली करतो," म्हणत तो लग्नासाठी बस पाहायला मोटारस्टँडकडे निघून गेला.

तेजरामला स्वतःचा अभिमान वाटत होता. त्याच्याच मोहल्ल्यातली शेवंताबाई आत आली. आता दोन बरे शब्द ऐकायला मिळतील, असं त्याला खरंच वाटलं.

"या गाडीले याच्या आंधी बी पत्रा होता काय रे?"

"हौ."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

"टाकला कोनं?"

तेजराम हात पुसत राहिला. "मीच टाकला, काकू."

"रोज नळावर भेटत होता तू मले. माही सून पोटुशी हाय, हे बी ठाऊक होतं तुले. त्याच गाडीत जात होती ते." तिचा आवाज चढला नाही. "ठेकेदार त परका हाय. तुले काय झालतं, तेजराम?"

तेजरामला स्वतःची चीड आली, आणि ती कुठे काढावी हे कळेना.

"चाल," शेवंताबाई म्हणाली. "तू बी चाल आमच्यासंगं. मांगं. दिवाळीपासून आमी कशे गेलो, ते पाह्य."

मोतीलाल ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेजराम चढला. बसायला कुणी सरकलं नाही. मागच्या फळीला धरून तो वाटेतल्या वारासिवनीपर्यंत उभाच राहिला, आणि पुढे खाणीपर्यंतही.