पळपुट्याची घळ

आमच्या खात्याचा नियम सोपा आहे. लोक ज्या जागेला जे म्हणतात तेच नाव नकाशावर टाकायचं, आणि त्या नावाच्या कार्डावर तिथल्या दोन रहिवाशांच्या सह्या घ्यायच्या. टेकड्यांची उंची मोजायचा मला कधी कंटाळा आला नाही. नावांनी मात्र डोकं उठतं.

१९५०च्या उन्हाळ्यात नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत मी येस्पर्सन यांच्या घरी तीन आठवडे उतरलो होतो. त्यांच्या कुरणापलीकडे एक खोल घळ होती. शेजारच्या क्लाइड हॅस्क्यूने तिचं नाव सांगून वर सहीही ठोकली होती: पळपुट्याची घळ. आदल्या वर्षीच्या हिमवादळात ऑरविल येस्पर्सन आणि त्याचा धाकटा भाऊ एमिल तिथे अडकलेली गुरं आणायला गेले होते. ऑरविल एकटाच परत आला. एमिल सापडला तो बर्फ वितळल्यावर.

दुसरी सही जवळच्या घरातूनच घ्यायला हवी होती. दुपारी जेवताना मी चोरट्यासारखं कार्ड पुढे केलं.

ऑरविलच्या बायकोने, मार्टाने, ते वाचलं आणि बटाट्यांचं भांडं टेबलावर आपटलं. "या हॅस्क्यूच्या जिभेला काही हाड? एकट्याचीच सही आहे ना?"

"एकट्याचीच."

"मग 'एमिलची घळ' लिहा. एक सही माझी, एक ऑरविलची. झाल्या दोन! हॅस्क्यू बसू दे बोंबलत."

मला हायसं वाटलं. कोऱ्या कार्डावर मी नाव लिहिलं, तिने घाईघाईने सही केली आणि कार्ड नवऱ्यापुढे सरकवलं.

ऑरविलने पेन उचललं नाही.

"कर ना रे. जेवण निवतंय."

"तो हाका मारत होता, मार्टा."

"वाऱ्यात काही ऐकू आलं नाही म्हणालास ना तू?"

"म्हणालो. येत होतं ऐकू. मी घोडा घराकडे वळवला तरी येत होतं."

ऑरविलने हॅस्क्यूचं कार्ड ओढलं आणि सावकाश, शाळेतल्यासारखी सही केली.

"एमिल तिथे मेला," तो म्हणाला. "पण घळ माझी आहे."

संध्याकाळी मी ते नाव शाईने लिहिलं. ते नियमात बसत होतं. मार्टाने तिचं कार्ड परत मागितलं नाही. एका सहीचं ते कार्ड अजून माझ्याकडेच आहे.