सात गाठींचा दोरा

बसलिंगप्पाला कुणाचं बोलणं पुरतं ऐकायची सवय न्हाई. माझ्या धाकट्या दिराचा ल्योक, गुलबर्ग्याच्या कॉलेजात उंदरांवर औषधं तपासतो. मी दुसरीपर्यंत शिकले, म्हणून मला अक्कल बी दुसरीपर्यंतच, असं त्याला वाटतं.

दिवाळीत आमच्या गावी मंठाळला आला आणि आमच्या कडुनिंबावरची गुळवेल तोडून घेऊन गेला. संक्रांतीला परतला तो फुगूनच. म्हणे रक्तात जंतू खाणाऱ्या पेशी असतात, अंगाच्या राखणदार, आणि वेलीचा रस पाजल्यावर उंदरांत त्या दुपटीनं खवळल्या. जशी वेल ह्यानंच लावली.

तवा माझी सून हेमावती ओली बाळंतीण, ताप रेंगाळलेला. माझ्या सासूची रीत ठरलेली. रोज बोटभर वेल ठेचून द्यायची, मनगटाला सात गाठींचा दोरा बांधायचा, दिवसाला एक गाठ सोडायची. गाठी सरल्या की वेल बंद. पाया पडलं तरी मी आठवा तुकडा देत न्हाई. तिसरी गाठ सुटली होती. बसलिंगप्पानं अंधश्रद्धा म्हणून दोरा कात्रीनं कापला आणि चुलीत टाकला. वर वेलीच्या भुकटीची बरणी दिली, रोज दोन चमचे घे म्हणाला. किती दिवस, मी विचारलं. जितकं जास्त तितकं चांगलं, म्हणाला. मी रागानं तोंड फिरवून बसले. बरणी फोडायला पाहिजे होती.

होळीला सुनेचे डोळे हळदीवाणी पिवळे झाले. बिदरच्या डॉक्टरीणबाईनं बरणी पाहिली आणि आधी ती बंद केली. राखणदार पेशीच लिवरवर उलटल्या असाव्यात, म्हणाली. पोर तीन आठवडे शेळीच्या दुधावर.

काल बसलिंगप्पा चपला घालूनच माजघरात आला. आजारी सुनेसमोर, शेजारच्या नागम्मासमोर म्हणाला, दोडव्वाच्या, म्हणजे माझ्या, जडीबुटीनं घात केला. चाळीस वर्षं लोक माझ्या हातचं औषध घेतात. नागम्मा माझ्याकडं बघायला लागली.

मी शांतपणे विचारलं, "उंदरांना किती दिवस पाजलास?"

"चौदा."

"आन हिला?"

तो बोटांवर मोजायला लागला.

"दोन महिने, मी सांगते. दोरा देवाचा नव्हता रं, थांबायचा होता. राखणीचं कुत्रं भुंकवायला शिकलास, गप करायला न्हाई. हेमावतीचे डोळे पांढरे होईतो ह्या उंबऱ्यात यायचं न्हाई. आन माझ्या वेलीला जन्मात हात लावायचा न्हाई. चपला हायतच पायात, नीघ."