रुपीबाईच्या अंगणातली तुरट आवळी

मी एक आवळी आहे, मित्रांनो. वयाने काही फार जुनी नाही. पण माझं फळ ज्याने त्याने तोंड वाकडं करून थुंकलं आहे, त्यामुळे म्हातारी झाल्यासारखी वाटते. नेरजवळच्या बंजारा तांड्यात, रुपीबाईच्या अंगणात मी उभी आहे.

छप्पन साली रुपीबाईने रानातल्या आवळ्याचं बी फुटक्या मडक्यात पेरलं, मी उगवले आणि तिने मला अंगणात लावलं. मला वाटलं, हिला माझं कौतुक आहे. कसलं काय! तिला फक्त माझी मुळं हवी होती. तिच्या माहेरी तिच्या आईने लावलेली आवळी होती. लिंबाएवढी, रसाळ फळं यायची. आई गेली, आणि आता नव्या विहिरीच्या जागेत आलं म्हणून ते झाडही तोडायचं ठरलं. नुसत्या बियांपासून तसं फळ येत नाही. म्हणून पुढच्या आषाढात तिचा भाऊ लखीराम, तोडायच्या आधी, त्या झाडाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

लखीराम सरकारी रोपवाटिकेत कामाला होता. त्याने माझी साल चिरली, काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवला आणि केळीच्या सोपटाने बांधला. मला दुखलं का, कोणी विचारलं नाही. डोळा हिरवा राहिला तेव्हा पुन्हा येऊन त्याने माझा शेंडाच छाटला.

जाताना म्हणाला, "बाई, डोळ्याच्या खाली जे फुटंल ते जंगली. रोज खुडत जाय, नाही तर मायचं झाड हातचं जाईन."

रुपीबाई रोज सकाळी माझे कोंब खुडायची. मला राग यायचा, पण डोळ्यातून टीचभर फांदी आली आणि मीही तिला पोसू लागले.

मग कार्तिक आला. गावातल्या बायका आवळीच्या पूजेला रानात जात. त्या वर्षी पाटलांच्या विमलताई म्हणाल्या, रान लांब पडतं, रुपीबाईकडे आवळी आहे. एरवी गावातल्या बायका तांड्याकडे फिरकतही नसत. त्या दिवशी आल्या. गुडघ्याएवढ्या मला हळदकुंकू वाहिलं, सूत गुंडाळलं आणि माझी सावली नाही म्हणून उन्हातच जेवायला बसल्या. रुपीबाईला कुठे ठेवू नि कुठे नको झालं.

तेवढ्यात तिने सवयीने माझा एक कोंब धरला.

"काहून तोडून राह्यली वं?" विमलताई म्हणाल्या. "पुजलेल्या झाडाले नख नाही लावत."

"भाऊ सांगून गेला, खुडाच लागते."

"मंग पूजा बी भावालेच करू दे."

रुपीबाईने हात मागे घेतला. या बायका पुन्हा दारी येणार नाहीत, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. त्यानंतर तिने मला कधी खुडलं नाही.

चैत्रात माझे कोंब तरारून आले. झाड ते झाड, जिकडे पानं जास्त तिकडे पाणी जाणार. रुपीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची, "पाहा, कशी फुटून राह्यली!" मृग लागेस्तोवर आईच्या झाडाची फांदी वाळून गेली होती.

लखीराम आला. त्याने ती वाळकी काडी मोडून तिच्या हातावर ठेवली.

"हे मायचं होतं, बाई. बाकी सारं जंगली."

"दुसरा डोळा आण ना रे."

"कुठून आणू? तिथं आता विहीर हाय."

ती काडी घेऊन आत गेली. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

आता मला फळं येतात, बोराएवढी, तुरट. कार्तिकात बायका अजून येतात, माझ्याच सावलीत जेवतात आणि माझं फळ मात्र कोणी ओटीत घेत नाही. धावजी, रुपीबाईचा नवरा, मला तोडायला निघाला होता. ती म्हणाली, पुजलेलं झाड आहे. म्हणून मी उभी आहे. पाणी कोणी घालत नाही, बकऱ्या खालच्या फांद्या ओरबाडतात.

दर हिवाळ्यात रुपीबाई एकटी येते, एक आवळा तोडते आणि डोळे मिटून चावते. थुंकत नाही. सगळा खाते, बी टाकते आणि पदराने तोंड पुसत घरात जाते.

मित्रांनो, झाडाला हात जोडण्याआधी त्याला काय हवं ते विचारा. मला हळदकुंकू नको होतं. रोज सकाळी थोडं दुखवलं असतं, तर आज तिच्या तोंडात तिच्या आईचा आवळा असता.